बाबांचे भिंग आणि माझी चाचणी

तीन वर्षांपूर्वी याच पानावर मी एक निकाल जाहीर केला होता. आज तो मागे घेत आहे. चूक कबूल करायला तीन ओळी पुरल्या असत्या. पण ती कशी घडली हे सांगितल्याशिवाय कबुलीचा विद्यार्थ्यांना उपयोग नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

निकाल असा होता : ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दोन भिंगांची मी तुलना केली. एक एफ/१.४, दुसरे एफ/१.८. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. स्वस्त भिंगाची प्रतिमा अधिक रेखीव आली. ‘महाग भिंगाचा मोह सोडा’ असे शीर्षक देऊन मी छायाचित्रांसह ते सारे लिहिले. पोस्ट पुष्कळांनी वाचली, पुढे पाठवली. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने प्रयोग करून सांगितले आहे, म्हणजे ते खरेच असणार, असा विश्वास त्यामागे होता. त्या विश्वासाला मी पुरता उतरलो नव्हतो.

हे मला कळले ते इंदूरच्या एका विद्यार्थिनीच्या संदेशामुळे. ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या वडिलांचा इंदुरात फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर तो बंद झाला. कॅमेरा आणि एफ/१.४ चे एक भिंग तेवढे घरी राहिले. तिने लिहिले होते, “सर, तुमची पोस्ट वाचून मी बाबांची लेन्स विकून टाकली. आलेल्या पैशांत एफ/१.८ घेतली आणि उरलेल्यात ट्रायपॉड. आता हानलेला आकाशाचे फोटो काढायला जायचंय. विकली ते बरोबरच केलं ना?”

प्रश्न साधा होता. उत्तर ‘हो’ एवढेच द्यायचे होते. ते टाइप करण्यापूर्वी मी माझ्या जुन्या चाचणीच्या नोंदी काढून पाहिल्या, आणि उत्तर पाठवू शकलो नाही.

मी काय केले होते? भिंतीवर बारीक रेघांचा एक तक्ता चिकटवला, दीड मीटरवर कॅमेरा ठेवला, पूर्ण उघड्या छिद्रावर कॅमेऱ्याला आपोआप फोकस करू दिले आणि एक छायाचित्र घेतले. मग फोकसला हात न लावता छिद्र एकेक पायरी लहान करत गेलो. दुसऱ्या भिंगाचेही तसेच. शेवटी पूर्ण उघड्या छिद्रांची दोन छायाचित्रे शेजारी ठेवून निकाल दिला. एफ/१.४ ची तुलना एफ/१.८ शी केली. म्हणजे एकाला अधिक ओझे देऊन दोघांची शर्यत लावली आणि मागे राहिला त्याला दुबळा ठरवले.

हे ओझे किती, ते आकड्यांत पाहू. ५० मिलिमीटरच्या भिंगात एफ/१.४ म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचे छिद्र, एफ/१.८ म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पहिल्या भिंगातून सुमारे ६५ टक्के अधिक प्रकाश येतो. अशा भिंगाला छायाचित्रकार ‘फास्ट’ म्हणतात ते याचसाठी : तेवढ्याच उजेडात शटर अधिक वेगाने उघडझाप करू शकते. पण दोषही वाढतात, आणि ते अधिक वेगाने वाढतात. भिंगाच्या कडेजवळून जाणारे किरण मध्यातून जाणाऱ्या किरणांच्या नाभीवर येऊन मिळत नाहीत. यालाच गोलीय विपथन म्हणतात. त्यातून होणारा धूसर ठिपका साधारणपणे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात पसरतो. एकच रचना एफ/१.८ वरून एफ/१.४ पर्यंत उघडली, तर प्रकाश ६५ टक्क्यांनी वाढतो आणि हा ठिपका दुपटीहून मोठा होतो. प्रतिमेच्या कोपऱ्यातील ताऱ्याला शेपूट फुटते तो ‘कोमा’ नावाचा दोष व्यासाच्या वर्गाबरोबर वाढतो. म्हणजे वेगवान भिंग घडवणे हा प्रकाश आणि दोष यांच्यातील विषम व्यवहार आहे.

हा व्यवहार साधण्यासाठी भिंगकारांनी शंभराहून अधिक वर्षे खर्ची घातली आहेत. गाऊसने १८१७ साली दुर्बिणीसाठी दोन चंद्रकोरी भिंगांची एक जोडी सुचवली होती. अमेरिकेतील दुर्बीणकार अल्वन क्लार्क याने १८८८ मध्ये अशा दोन जोड्या पाठीला पाठ लावून बसवल्या. जर्मनीत त्साइस कंपनीच्या पाउल रुडोल्फने १८९६ मध्ये त्यातून ‘प्लानर’ हे भिंग घडवले. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी रचना असली की पुढच्या अर्ध्या भागाने केलेला कोमा मागचा अर्धा भाग बऱ्याच अंशी पुसून टाकतो. १९२० मध्ये इंग्लंडच्या होरेस लीने ही सममिती किंचित मोडली आणि एफ/२ पर्यंत मजल मारली. आज बाजारात मिळणारी ५० मिलिमीटरची बहुतेक पारंपरिक भिंगे याच वंशातली आहेत.

पण प्लानरला एक अडचण होती. सहा भिंगे, चार गट, म्हणजे काच आणि हवा यांच्या आठ सीमा. प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. आठ वेळा ४ टक्के गेले की सुमारे ७२ टक्केच आत पोचतो. आणि परत फिरलेला प्रकाश आतल्या आत भटकत प्रतिमेवर पांढुरके सावट पसरवतो. १९३५ मध्ये त्साइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर पातळ लेप चढवून हे परावर्तन कमी करण्याची युक्ती शोधली, आणि मग जुन्या रचनेचे खरे सामर्थ्य उजेडात आले. कागदावर उत्तम असलेली कल्पना एका पातळ थरासाठी चार दशके अडून राहिली होती.

छिद्र लहान करत गेले तर दोष घटतात. मग अगदी लहानच का करू नये? कारण दुसऱ्या टोकाला विवर्तन उभे आहे. प्रकाश तरंग असल्यामुळे निर्दोष भिंगही ताऱ्याचा बिंदू उमटवत नाही. एक लहानशी चकती उमटवते. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास मायक्रोमीटरमध्ये साधारण एफ-अंकाच्या १.३४ पट असतो. एफ/१.४ ला १.९, एफ/५.६ ला ७.५ आणि एफ/१६ ला २१ मायक्रोमीटरहून अधिक. ३६ मिलिमीटर रुंदीवर ६००० पिक्सेल असलेल्या संवेदकाचा एक पिक्सेल ६ मायक्रोमीटरचा. म्हणजे एफ/१६ वर एक तारा सलग तीन-साडेतीन पिक्सेलांवर पसरणारच, भिंग कितीही महाग असो. एका टोकाला काचेचे दोष, दुसऱ्या टोकाला प्रकाशाचा स्वभाव. त्यांच्या मधे कुठेतरी, बहुधा एफ/४ ते एफ/८ या पट्ट्यात, भिंग सर्वांत रेखीव असते. तेथे बहुतेक चांगली भिंगे एकमेकांसारखीच दिसतात.

माझी दुसरी चूक फोकसची. एफ/१.४ वर संवेदक आपल्या नेमक्या जागेपासून फक्त ८ मायक्रोमीटर पुढे-मागे असला तरी ठिपका एका पिक्सेलाएवढा पसरतो. ८ मायक्रोमीटर म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम आठवा भाग. आपोआप होणाऱ्या एकाच फोकसवर भिस्त ठेवून मी भिंग मोजत नव्हतो. त्या क्षणी फोकस कुठे बसला ते मोजत होतो. शिवाय गोलीय विपथन असलेल्या भिंगात छिद्र लहान केले की उत्तम फोकसची जागाही सरकते. फोकस पुन्हा न करता छिद्र लहान करणे म्हणजे वेगवान भिंगाला प्रत्येक पायरीवर नव्याने दंड करणे होते. तक्ताही भिंतीवर किंचित तिरका होता, हे जुन्या छायाचित्रांत आता स्पष्ट दिसते. तेव्हा दिसले नाही, कारण मला हवा असलेला निकाल आधीच मिळाला होता.

तिला मी लिहिले, “माझी चाचणी सदोष होती. त्या भिंगाचा माझा नग अजून माझ्याकडे आहे. तू हानलेला जाणार असशील तर मीही येतो. ताऱ्यांवर पुन्हा तपासू.” तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले : “या, सर. ट्रायपॉड माझ्याकडे आहेच.”

हानले हे लडाखच्या पूर्व भागातले गाव. तेथून जवळच्या डोंगरावर, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये या परिसराला देशातील पहिले तमोमय आकाश राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्यात आले. गावातल्या घरांना जाड पडदे असतात, दिव्यांना वरून झाकण असते, रात्री गाडीचे प्रखर दिवे लावणाऱ्याला लगेच हटकले जाते. गावातील रहिवाशांनाच दुर्बिणी देऊन आकाश दाखवण्याचे प्रशिक्षण दिले आहे. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो त्या आजींनी आमच्या खोलीचा दिवा आमच्या आधी मालवला.

वेधशाळेत हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. तिच्या आरशाचा व्यास २ मीटर. ती हजारो किलोमीटर दूर बेंगळुरूजवळच्या होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालवली जाते. दुर्बिणीचा एकूण एफ-अंक ९. छायाचित्रकाराच्या भाषेत ती ‘संथ’ भिंगात जमा होईल. विवर्तनाच्या हिशेबाने तिची भेदनक्षमता सुमारे ०.०७ विकलेची, पण वातावरणाच्या थरथरीमुळे चांगल्या रात्रीही तारा साधारण एका विकलेएवढा पसरतो. म्हणजे येथे रेखीवपणा आरसा ठरवत नाही, हवा ठरवते. हवा शांत आणि कोरडी मिळावी म्हणून तर इतक्या उंचावर जायचे.

त्याच परिसरात ‘मेस’ ही दुर्बीण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या या दुर्बिणीचे उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तिची परावर्तक तबकडी २१ मीटर व्यासाची, नाभीय अंतर सुमारे २५ मीटर; म्हणजे एफ/१.२! कोणत्याही छायाचित्रकाराला हेवा वाटावा असा आकडा. अवकाशातून आलेला गॅमा किरण वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव होतो आणि काही अब्जांश सेकंदच टिकणारी निळसर चेरेन्कोव्ह प्रभा उमटते; ती टिपण्यासाठी ही दुर्बीण आहे. आता तिचा रेखीवपणा पाहा. तिच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा ०.१२५ अंश व्यापतो. पूर्ण चंद्र तिला जेमतेम चार पिक्सेलांएवढा दिसेल. माझ्या पिशवीतल्या ५० मिलिमीटरच्या भिंगामागचा एक पिक्सेल सुमारे २५ विकला व्यापतो, म्हणजे अठरा पट बारीक. पण म्हणून माझे भिंग ‘मेस’पेक्षा चांगले ठरते का? तिला प्रश्न वेगळा विचारलेला आहे : इतक्या अल्प क्षणात इतका क्षीण प्रकाश गोळा होईल का? त्या प्रश्नाला रेखीवपणा नको, क्षेत्रफळ हवे.

उलट टोकाचे उदाहरणही आपल्याच देशाचे आहे. चांद्रयान-२ वरील उच्च विभेदन कॅमेरा १०० किलोमीटर उंचीवरून चंद्रभूमीवरचे २५ सेंटिमीटर एका पिक्सेलात मांडतो. चांद्रयान-३ ने २३ ऑगस्ट २०२३ रोजी जेथे पाय टेकले, ती जागा पारखताना त्याची छायाचित्रे कामी आली. तेथे एक खडक नजरेतून सुटणे परवडणारे नव्हते. ‘कोणते भिंग चांगले’ हा प्रश्न ‘कशासाठी’ हे जोडल्याशिवाय पुरा होत नाही. माझ्या शीर्षकात तो शब्दच नव्हता.

त्या रात्री तापमान शून्याखाली बरेच उतरले होते. आम्ही कृत्तिका वर येण्याची वाट पाहिली. तारा हा भिंगाचा सर्वांत कठोर परीक्षक असतो : तो जवळजवळ परिपूर्ण बिंदू, आणि भोवती काळोख, दोष लपायला जागा नाही. पण तो थांबत नाही. ५० मिलिमीटरच्या भिंगात विषुववृत्ताजवळचा तारा दीड-पावणेदोन सेकंदांत एक पिक्सेल सरकतो. म्हणून आकाशाबरोबर फिरणारे यंत्र तिपाईवर बसवून ते ध्रुवाकडे रोखले. कॅमेरा दोन्ही भिंगांना तोच. कृत्तिकांचा झुबका आधी मध्यभागी, मग एकेका कोपऱ्यात. प्रत्येक छिद्राला पडद्यावर दहापट मोठे करून हाताने नव्याने फोकस, पाच छायाचित्रे, त्यांतले सर्वोत्तम ठेवायचे. बोटे बधिर होत. आळीपाळीने एकजण हातमोजे घालून बसे, दुसरा फोकस करी.

शेवटची अट तिने घातली. “फाइलींची नावं मी बदलते, सर. कोणती कुठल्या लेन्सची ते तुम्हाला सांगणार नाही.” मला ते किंचित लागले. पण अट रास्त होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी छायाचित्रांना गुण दिले आणि मग तिने नावे उघड केली. पूर्ण उघड्या छिद्रावर माझ्या एफ/१.४ च्या मध्यभागी तारे लहान, पण भोवती फिकट वलय; कोपऱ्यांत त्यांना पाखरासारखे पंख. तिच्या एफ/१.८ च्या पूर्ण उघड्या छिद्रावर पंख लहान. जुना निकाल येथवर टिकला. मग दोन्ही भिंगे एफ/२ ला आणली तेव्हा चित्र पालटले : मध्यभागी माझे एफ/१.४ थोडे पुढे, कोपऱ्यांत दोघेही बरोबरीत. एफ/२.८ ला मध्यभागी मी दोघांना ओळखूच शकलो नाही. सहा जोड्यांपैकी तीन बरोबर सांगितल्या, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. एफ/४ ला कोपरेही सुधारले. एफ/१६ ला दोघांचे तारे सारखेच फुगलेले. समान छिद्रावर स्वस्त भिंग अधिक रेखीव असल्याचा कोणताही पुरावा आम्हाला मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट दिसली. तिच्या भिंगाचा वरचा उजवा कोपरा प्रत्येक छिद्रावर उरलेल्या तिघांपेक्षा मऊ होता. त्याच कृत्तिका चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिल्या होत्या, त्यामुळे दोष आकाशाचा नव्हता. कॅमेऱ्यात माझे भिंग बसवले की तो नाहीसा होई, त्यामुळे कॅमेऱ्याचाही नव्हता. आतले एखादे भिंग अक्षापासून किंचित ढळलेले असावे. एकाच बनावटीच्या दुसऱ्या नगात हा दोष नसेलही, किंवा दुसऱ्या कोपऱ्यात असेल. कारखान्यातून बाहेर पडणारे प्रत्येक भिंग आपापल्या बारीक चुका घेऊन येते. एका नगावरून साऱ्या बनावटीविषयी बोलणे म्हणजे एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवरून वर्गाचा निकाल लावणे. माझ्या जुन्या पोस्टचा पाया नेमका एकेकाच नगावर उभा होता.

तिने लॅपटॉप मिटला. काही वेळ कोणी बोलले नाही. मग तिने विचारले, “म्हणजे बाबांची लेन्स चांगली होती?”

‘होय’ म्हणण्याचा मोह मोठा होता. तिला बरे वाटले असते, आणि मलाही; प्रायश्चित्त झाल्यासारखे. पण आम्ही तपासला होता तो माझा नग. तिच्या वडिलांचे भिंग वीस वर्षे स्टुडिओत राबले होते. ते कधी पडले असेल, उघडून साफ केले असेल, त्याचा एखादा कोपरा ढळलेला असेल, किंवा ते माझ्या भिंगापेक्षा सरसही असेल. ते कोणाला विकले हेही आता ठाऊक नव्हते. ती चाचणी आता कधीच होणार नव्हती.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “ते भिंग मी कधी पाहिलंच नाही. आणि न पाहता मी तुला ते विकायला लावलं.”

ती म्हणाली, “तुम्ही नाही सांगितलंत विकायला. तुम्ही फक्त खात्रीनं लिहिलंत.” आणि थोड्या वेळाने, “आता हेही लिहा. कोपऱ्याचं पण लिहा, माझ्या लेन्सचा असला तरी.”

म्हणून लिहिले आहे. जुनी पोस्ट मी काढून टाकलेली नाही; तिच्या माथ्यावर ‘हा निकाल सदोष आहे’ असे नोंदवून या लेखाकडे बोट दाखवले आहे. सुधारित निकाल असा : माझ्याकडचा एफ/१.४ चा एक नग आणि तिच्याकडचा एफ/१.८ चा एक नग यांत, दूरच्या ताऱ्यांवर, समान छिद्राला, एफ/२.८ पासून पुढे मध्यभागी मला फरक ओळखता आला नाही. एफ/१.४ घेणाऱ्याला ६५ टक्के अधिक प्रकाशाची मुभा मिळते आणि ती वापरताना कोपऱ्यांत तिची किंमत मोजावी लागते. याहून अधिक काहीही माझ्या पुराव्यातून निघत नाही.

तुमच्याकडे घरातले एखादे जुने भिंग असेल, तर ते विकण्यापूर्वी एका निरभ्र रात्री एका ताऱ्यावर रोखून पाहा. फोकस हाताने करा, प्रत्येक छिद्राला नव्याने करा, चारही कोपरे पाहा, आणि शक्य असेल तर फाइलींची नावे दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगा. निकाल काहीही येवो, तो तुमच्या स्वतःच्या भिंगाचा असेल.